भात काढला की वाल: ठाणे जिल्ह्यातल्या दहा गुंठ्यांचं पहिलं वर्ष

ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत, घणसोलीत राहणाऱ्या कितीतरी घरांचा सातबारा मुरबाड, शहापूर, भिवंडी नाहीतर अंबरनाथ तालुक्यात असतो. आजोबांची जमीन वारसाने नावावर आलेली असते. गावातले चुलते जमेल तसा भात लावतात, आणि भात झोडून झाला की शेत पुढच्या जूनपर्यंत उघडं पडतं. हा लेख त्या उघड्या सहा-सात महिन्यांसाठी आहे. जमीन आहे, शनिवार-रविवार हाताशी आहेत, गावात मदतीला एखाद-दुसरं माणूस आहे आणि शेतीचा अनुभव नाही, अशांसाठी तो लिहिला आहे.

आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यानंतर विहीर किंवा कालवा नसेल तर पाणी नाही. तरीही दुसरं पीक येतं, कारण भाताच्या खाचरात ओल राहते आणि त्या ओलीवर कडवा वाल पिकतो. भात जमिनीतलं नत्र ओढून घेतो. वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून पिकाला देतात, आणि मुळं जमिनीतच राहू दिली तर त्यातला काही वाटा पुढच्या भातालाही मिळतो. त्याच तुकड्यातून वर्षाला दोन पिकं घ्यायची आणि माती मात्र खंगू द्यायची नाही, हे आपल्या भागात जमतं ते या जोडीमुळे.

पण ओल वाट बघत नाही. पहिल्या वर्षी मी जया जातीचा भात लावला. तो तयार व्हायला १३० ते १३५ दिवस घेतो, त्यात माझं रोप उशिरा टाकलेलं (म्हणजे रोपांसाठीचं बी उशिरा पेरलेलं), त्यामुळे कापणीला नोव्हेंबर उजाडला. वाल टोकायला, म्हणजे भोक पाडून दाणे लावायला, बसलो तेव्हा खाचराला करंगळी जाईल एवढ्या भेगा होत्या. निम्मं बी उगवलं नाही, उगवलं ते वीतभर वाढून थांबलं. शेजारच्या शेतातल्या मावशी म्हणाल्या, "तुझा भात कापायला आला तवर आमचा वाल दोन पानांवर होता." तेव्हापासून मी वर्षाची आखणी उलटीकडून करतो. वाल टोकायची तारीख आधी धरायची, ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा, आणि तिथून मागे मोजत भाताची जात आणि रोप टाकायचा दिवस ठरवायचा.

एप्रिल: कुठलं खाचर घ्यायचं

पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका. सगळ्यात वरचं, मुरमाड खाचर नको, त्यातली ओल पाऊस थांबला की आठ-दहा दिवसांत उडते. सगळ्यात खालचंही नको, तिथे नोव्हेंबरपर्यंत पाणी साचतं आणि साचलेल्या पाण्यात वाल कुजतो. मधलं खाचर हवं. गावातल्या जुन्या माणसाला एवढंच विचारा, "दिवाळीत कुठल्या खाचरात अनवाणी पायाला गार लागतं?" उत्तर लगेच मिळतं.

याच महिन्यात माती तपासायला द्या. बांधाजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती घेऊ नका. खाचरात सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचे कृषी सहायक) नमुना कुठे द्यायचा ते कळतं.

खाचर कोणतं हे ठरलं की शेजारच्या खाचरवाल्यांशी गुरांबद्दल बोलून घ्या. भात निघाला की गावची गुरं मोकाट सुटतात आणि वालाचा कोवळा वेल ती मुळासकट खातात. एकट्याने कुंपण घालणं महाग पडतं. लागून असलेल्या चार-पाच जणांनी एकाच वेळी वाल टाकला तर राखण वाटून घेता येते. माझ्या मते नवख्या माणसाचा दुबार पिकाचा बेत फसतो तो बहुतेक वेळा याच ठिकाणी, खता-बियाण्यात नव्हे.

बियाणं

भाताच्या जाती तीन गटांत मोजतात: हळव्या म्हणजे लवकर येणाऱ्या, निमगरव्या म्हणजे मधल्या, आणि गरव्या म्हणजे उशिराच्या. वाल घ्यायचा तर गरव्या बाजूला ठेवा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत इथल्या संशोधन केंद्राने काढलेल्या जातींपैकी कर्जत-३ साधारण ११० ते ११५ दिवसांत येते, कर्जत-७ ला ११५ ते १२० दिवस लागतात.

सगळ्यात लवकर येणारी जात घ्यावी असं वाटेल, पण तिथेही धोका आहे. मुंबई-ठाण्यातून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. ५ जूनला टाकलेली कर्जत-३ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पिवळी होते आणि परतीच्या पावसात आडवी पडून शेतातच मोड काढते. म्हणून मी १२ जूनच्या आसपास कर्जत-७ टाकतो, ती १० ऑक्टोबरच्या सुमारास हाती येते. वरचं खाचर असेल, ओल लवकर जात असेल, तर कर्जत-३ घ्या, पण रोप जूनच्या मध्यावर टाका.

बियाणं पावतीसह, सीलबंद पिशवीतूनच घ्या आणि पिशवीवरची चिठ्ठी जपून ठेवा. एका दुकानातून मी सुटं बी आणलं होतं. ते निम्मंच उगवलं, आणि तक्रार करायला माझ्याकडे कागदाचा चिटोरासुद्धा नव्हता. दहा गुंठ्यांना तीन ते साडेतीन किलो पुरतं, चार किलो आणा.

पेरण्याआधी मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, बी त्यात ओता, ढवळा, थांबा. पोकळ आणि रोगट दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. तळाला बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि २४ तास सावलीत वाळवा. मग किलोला अडीच ते तीन ग्रॅम थायरम चोळा, हातात मोजे घालून.

दाढ (भाताची रोपवाटिका): राब न भाजता

आपल्याकडे रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, तोडलेल्या फांद्या पसरून त्या भाजतात, त्याला राब म्हणतात. राबाने तण मरतं आणि रोप जोमाने येतं, हे खरं आहे. पण त्यासाठी दरवर्षी ऐनाची झाडं खोडापर्यंत ओरबाडली जातात आणि जे शेण, जो पाला जमिनीत जायला हवा तो धूर होऊन जातो.

याला पर्याय कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत आहे. भाताच्या गिरणीतून तूस आणा आणि ते मंद जाळून काळी राख करा. पांढरी होईपर्यंत जाळायचं नाही. ही राख गादीवाफ्याच्या वरच्या तीन-चार इंच मातीत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा. राखेतलं सिलिका रोप शोषून घेतं आणि त्याने पात ताठ होते. अशा रोपावर खोडकिडीचा त्रास कमी होतो. हाताला फरक कळतो: राखेच्या वाफ्यातलं रोप उपटताना कडक लागतं, साधं रोप लिबलिबीत.

दहा गुंठ्यांच्या लावणीला एक गुंठा रोपवाटिका पुरे. वाफे मीटरभर रुंद, तीन-चार इंच उंच करा, म्हणजे धो धो पावसात बी वाहून जाणार नाही. बी ओळीत, विरळ टाका. दाट टाकलेल्या रोपाच्या काड्या होतात.

जुलै: आवणी आणि ब्रिकेट

आवणीच्या, म्हणजे रोपं खाचरात लावण्याच्या, आधी दोन आठवडे गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, कोवळ्या फांद्या खाचरात पसरा, गुंठ्याला ३० किलो. पानं आठवडाभरात गळतात, मग काटक्या वेचून चुलीला न्या आणि पानांवर चिखलणी करा. पहिल्या वर्षी तुमच्या बांधावर गिरिपुष्प नसेलच, तेव्हा शेणखत घाला, दहा गुंठ्यांना एक टनापर्यंत. पण याच जूनमध्ये हातभर लांबीची जाड खुंटं बांधावर लावून ठेवा. तीन वर्षांत शेणखताचा मोठा भार तीच उचलतात. गेल्या वर्षीचा पेंढा उरला असेल तर तोही पहिल्या नांगरटीला गुंठ्याला २० किलो गाडा, पेंढ्यात पालाश असतं.

रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की उपटा. मुठी बांधल्यावर शेंड्याची पानं दोन-तीन बोटं कापून टाका, कारण खोडकिडीची मादी अंडी पानाच्या टोकाकडे घालते.

आता लावणीची पद्धत. ती नीट समजून घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. दोरीवर २५ सेंमी, १५ सेंमी, पुन्हा २५, पुन्हा १५ अशा आळीपाळीने खुणा करा. ओळींमधलं अंतरही असंच, एकदा १५, एकदा २५. एका जागी दोन-तीन काड्या लावायच्या, दोन बोटांपेक्षा खोल नाही. अशाने चार चुडांचा (चूड म्हणजे एका जागी लावलेल्या काड्या) एकेक लहान चौकोन तयार होतो आणि चौकोनांच्या मधून २५ सेंमीच्या मोकळ्या पट्ट्या राहतात. आवणीला येणाऱ्या बाया आधी कुरकुरतात, दोरीने वेळ लागतो म्हणतात. त्यांचं बरोबर आहे, पहिल्या दिवशी लागतोच. दोरी धरायला घरचं माणूस उभं करा आणि त्या दिवसाची मजुरी थोडी जास्त द्या.

लावणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची एक ब्रिकेट सात ते दहा सेंमी खोल चिखलात रोवा आणि बोटाने चिखल ओढून भोक बुजवा. ब्रिकेट म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, एकेक गोळी साधारण २.७ ग्रॅमची. गुंठ्याला ६२५ लागतात, पावणेदोन किलोच्या आत. दहा गुंठ्यांना सतरा किलो धरा आणि जूनच्या आधीच आणून कोरड्या डब्यात ठेवा, ओल लागली की त्यांचा लगदा होतो.

एवढा खटाटोप का, तर आपल्याकडच्या पावसामुळे. वरून फेकलेला युरिया जुलैच्या एका रात्रीत बांधावरून ओढ्याला जातो, उरलेला वायू होऊन उडतो. खोल चिखलात हवा नसते. तिथे नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतं आणि मुळं पोचतील तसं महिना-दोन महिने पुरतं. खत कमी लागतं, ओढ्याचं पाणीही बिघडत नाही. मला विचाराल तर सगळ्या लेखातून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पावसाळा

आवणीनंतर तीन ते चार आठवड्यांनी बेणणी करा, म्हणजे तण काढा, जमल्यास पुन्हा एकदा. पाणी दोन ते पाच सेंमी पुरे, खाचर तुडुंब ठेवून भात वाढत नाही. पाऊस उघडला की मधेमधे पाणी काढून चिखल उघडा पडू द्या. सतत साचलेल्या पाण्याखालच्या मातीतून मिथेन निघतो, आणि मुळांनाही हवा लागते. खेकडे बांधाला भोकं पाडतात, दर शनिवारी बांधावरून एक फेरी मारून ती चिखलाने बुजवा. पानांची सुरळी दिसली तर दोन बाजूंनी दोर धरून पिकावरून ओढा, अळ्या पाण्यात पडतात, मग ते पाणी काढून द्या.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, आणि शेतातून आल्यावर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना शेतात उतरल्याचं आवर्जून सांगा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) आपल्या भागात होतो. गमबूट घाला. सर्पदंश झाला तर कुठल्याही उपायात वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठायचं.

बांध मोकळे ठेवू नका. जूनमध्येच बांधावर हात-दीड हातावर तुरीचे दोन-दोन दाणे टोका. जानेवारीत घरापुरती डाळ निघते. आपण खातो त्यातली काही तूर मोझांबिक, मलावी, म्यानमारहून येते आणि त्यातली कितीतरी न्हावा-शेवा बंदरात, नवी मुंबईच्या दारातच उतरते. मलावीतले लहान शेतकरी भुईमुगात तूर लावतात, कारण तूर सुरुवातीला सावकाश वाढते आणि भुईमूग निघेपर्यंत त्याला आड येत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी मका घेतात. आपल्या वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणीच्या जोडीला तूर घालतात त्यामागे हेच गणित आहे.

ऑक्टोबर: कापणी आणि वाल

कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातलं पाणी काढून टाका. लोंबीतले दहातले नऊ दाणे पिवळे झाले की कापा, सगळे वाळायची वाट बघू नका. भारे लगेच खळ्यावर न्या, खाचर मोकळं करा.

मग मूठभर माती दोन बोटं खालून काढा आणि आवळा. लाडू वळला, हाताला गार लागला, पण पाणी सुटलं नाही, तर वालाला घात, म्हणजे टोकायला योग्य ओल, आहे. पाणी सुटलं तर तीन-चार दिवस थांबा. लाडू फुटला तर उशीर झाला.

नांगरायच्या मोहात पडू नका. पुष्कळ जण भात कापला की नांगर घालून वाल पेरतात, पण उलटलेल्या ढेकळातली ओल दोन दिवसांत जाते. मी भाताच्या चुडांमधल्या त्या २५ सेंमीच्या पट्टीत खुरप्याने भोक पाडून वाल टोकतो. ओळी ४० सेंमीवर येतात, ओळीत अर्ध्या वितीवर दोन दाणे. उगवल्यावर एक ठेवायचा, एक काढायचा. गुंठ्याला किलोभर बी हाताशी असू द्या. विद्यापीठाचा कोकण वाल-१ किंवा कोकण वाल-२ मिळाला तर घ्या, नाहीतर गावातल्याच कोणाचं जुनं बी चांगलं. दाणा ओल लागेल तेवढाच खोल जावा, साधारण दोन बोटं.

टोकण्याआधी बियाला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत, लावा. २५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाला पुरतं, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. गुळाच्या थंड पाण्यात पावडर कालवून बियाला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी टोका. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. पाकिटावरची मुदत बघून घ्या. खत म्हणून गुंठ्याला एक किलो डीएपी ओळीत, बियापासून चार बोटं लांब.

टोकून झाल्यावर थोडा पेंढा ओळींमध्ये अंथरा. कडक ऊन पडलं की त्याने ओल टिकते, मोकळ्या आणि झाकलेल्या मातीत बोट घालून बघा.

पाच-सहा आठवड्यांनी एक झाड खुरप्याने अलगद, मातीसकट उचला. पाण्यात बुडवून माती सुटू द्या. मुळांवर मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. एक नखाने फोडा. आत लालसर-गुलाबी रंग असेल तर नत्र धरायचं काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ नुसतीच आहे, पुढच्या वर्षी जिवाणू खत बदलून बघा. मी मुलांना दरवर्षी हे दाखवतो. गाठ फोडल्यावर नखाला लागणारा तो रंग बघून पुतणीने विचारलं होतं, "काका, झाडाला रक्त असतं?" रक्ताच्या लाल रंगाचाच जवळचा नातलग त्या गाठीत असतो, तो आतला ऑक्सिजन सांभाळतो.

फुलोऱ्यात शेंड्यांवर काळा मावा येतो. आधी लाल रंगाचे, ठिपके असलेले भुंगे (ढालकिडे) आलेत का ते बघा, ते असतील तर आठवडा थांबा, मावा तेच खातात. नसतील तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. विहिरीचं पाणी मिळालं तर एक फुलोऱ्यात आणि एक शेंगा भरताना द्या, नाही मिळालं तरी पीक येतं.

भात असो की वाल, ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची सरकारी नोंद, मोबाईलवर दोन्ही हंगामांत करा. नाहीतर सातबाऱ्यावर तुमचं हिरवं शेत पडीक दिसतं.

काढणी

जानेवारीत ओल्या शेंगा निघू लागतात. थोड्या घरी न्या, बाकी वाळू द्या. वाळलेल्या शेंगा पहाटे, दव असताना काढा, ऊन चढलं की त्या हातातच तडकतात आणि दाणे मातीत जातात. झाड उपटू नका, विळ्याने बुडाशी कापा, मुळं आणि गाठी आत राहू द्या. नांगरल्याशिवाय वर्षानुवर्षं भात घ्यायचा असेल तर नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा राईस तंत्र आहे: कायमचे गादीवाफे करायचे आणि मुळं काढायचीच नाहीत. त्यात तणाचा बंदोबस्त शिकावा लागतो, म्हणून मी ते तिसऱ्या वर्षानंतर करा म्हणेन.

विकायचं म्हणाल तर सुक्या वालापेक्षा मोड आणून सोललेल्या बिरड्याला ठाण्यात सोसायटीच्या फाटकावरच गिऱ्हाईक भेटतं. सोलायचं काम जिकिरीचं आहे, ते गावातल्या बायांना द्या आणि त्याचे पैसे वेगळे द्या.

पुढच्या वर्षाचं बी खळ्यावरच्या ढिगातून घेऊ नका. शेत उभं असतानाच मधल्या ओळींतल्या दहा-बारा भरलेल्या, निरोगी वेलांना चिंधी बांधून ठेवा आणि त्यांच्या पहिल्या बहराच्या शेंगा वेगळ्या काढा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत तीन-चार उन्हं द्या, गार होऊ द्या, एरंडेलाचा हात फिरवा म्हणजे भुंगेरा लागत नाही, आणि पत्र्याच्या डब्यात भरा. डब्यावर खाचराचं नाव आणि वाल टोकल्याची तारीख लिहून ठेवा. एप्रिलमध्ये भाताची जात निवडायला बसाल तेव्हा पहिली तीच लागते.